डझनामागे सव्वातीन रुपये

ईदच्या तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाकडे जेवायला गेले होते. साल २०२४. जेवणं उरकली, मुलं शेजारी खेळायला गेली आणि भावजयीने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. "आपा, तुम्ही कॉलेजात कॉमर्स शिकवता. तुम्हीच बघा, माझं काय चुकलं ते."

तिने त्या रमजानमध्ये चिकन खिम्याचे पट्टी समोसे विकले होते. कच्चे, फ्रीझरमध्ये गोठवलेले. घरी नेऊन इफ्तारच्या आधी तळून घ्यायचे. भाव डझनाला १५० रुपये. पूर्ण महिन्यात १२० डझन गेले, म्हणजे १८,००० रुपयांचा माल. आमच्या सोलापुरात रमजानमध्ये विजापूर वेशीत बाजार भरतो, तिथे उभं राहून विकणं तिला जमणारं नव्हतं. मोबाइलवर स्टेटस टाकून, मोहल्ल्यातल्या बायकांच्या ग्रुपवर फोटो पाठवून तिने एवढी विक्री केली होती. सगळे कौतुक करत होते. भाऊ चादरीच्या कारखान्यात कामाला आहे आणि त्या वर्षी त्याच्या पाळ्या कमी झाल्या होत्या. मुलीच्या अकरावीची फी या पैशातून भरायची, असं नवरा-बायकोने ठरवलं होतं.

डब्यात निघाले १,१४० रुपये. चिकनवाल्याचे २,४०० अजून द्यायचे होते. १७ डझनांची उधारी, म्हणजे २,५५० रुपये, लोकांकडे अडकली होती. आणि विजेचं बिल अजून यायचं होतं.

"कुणी डब्यातून घेतले असतील का?" तिने हळूच विचारलं. तिच्या मनात कोण होतं ते मला कळलं. घरात दीर आहे, सासूबाई आहेत, त्यांच्याकडेही चावी असते. म्हणून मी म्हटलं, आधी वही काढ, संशय नंतर.

वही होती, पण तीत फक्त कुणी किती डझन नेले ते लिहिलेलं. खर्चाचं पान कोरंच. तेव्हा आम्ही आठवून आठवून एका खेपेचा हिशेब मांडला. एक किलो खिम्यात पन्नास पट्ट्या भरतात. एखाद-दोन फाटतात, एखादा मुलं तळून मागतात, विकायला ४८ उरतात. म्हणजे एका खेपेला चार डझन.

खिमा ३४०. पट्ट्यांचं पाकीट ६०. कांदा ४५. "झालं," ती म्हणाली, "४४५ रुपये. चार डझनांना भागा. डझनाला १११ येतात. मी १५०ला विकते, ३९ सुटतात." हाच हिशेब तिने पूर्ण महिना डोक्यात ठेवला होता.

मी विचारलं, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला? ते तर घरातच असतं, ती म्हणाली. घरात असतं म्हणजे घरखर्चातून आलेलं असतं. महिनाभर तीस खेपा झाल्या तर घरातली बरणी तीस वेळा रिकामी होते. त्याचे धरले ४५. तेल २०, गॅस १५. झाले ५२५. झिपच्या पिशव्या आणि त्यावरचं लेबल, डझनाला ८ प्रमाणे ३२. एकूण ५५७. चारांनी भागले, तर १३९ रुपये २५ पैसे. सुटले ते ३९ नव्हते, पावणेअकरा होते.

मग फ्रीझर. तो तिने जुन्या बाजारातून १२,००० रुपयांना आणला होता. आधीच्या महिन्याच्या मानाने बिल साधारण ९०० रुपयांनी वाढेल, असा भावाचा अंदाज. १२० डझनांवर वाटले तर डझनाला साडेसात. पावणेअकरातून साडेसात गेले. राहिले सव्वातीन रुपये.

महिन्याचे ३९० रुपये झाले. एका खेपेला चिरणं, परतणं, गार करणं, पट्ट्या भरणं, चिकटवणं आणि पॅकिंग मिळून तीन तास. तीस खेपांचे नव्वद तास, तेही रोजा ठेवून, काही वेळा तरावीहच्या वेळेनंतर रात्री बारापर्यंत. तासाला सव्वाचार रुपयांच्या आसपास मजुरी पडली. आणि माझा भाऊ निम्मा माल मोटारसायकलवरून घरपोच देत होता, त्याला पेट्रोलचे निदान ६०० रुपये लागले होते, ते त्याने खिशातून घातले. म्हणजे ३९० सुद्धा नव्हते. घरातल्या कुणीही डब्याला हात लावला नव्हता. पैसे भावातूनच गळून गेले होते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण गल्लीतल्या खाला तर १५०लाच विकतात. त्यांना कसं परवडतं?"

इथे थोडं थांबू या, कारण घरून काम करणाऱ्या बहुतेक भगिनींचा भाव असाच ठरतो. शेजारची काय घेते ते बघायचं आणि तेवढाच लावायचा, नाहीतर पाच-दहा रुपये कमी. त्या खालांचा मुलगा कोंबड्यांच्या दुकानात आहे. खिमा त्यांना दुकानाच्या भावात पडतो. दोन सुना हाताशी आहेत. फ्रीझर जुनाच, फिटून गेलेला. त्यांचा १५० हा त्यांच्या खर्चावर उभा आहे. भावजयीने तो उचलला तेव्हा भाव आला, खर्च मात्र तिचा तिच्याकडेच राहिला. शेजारणीचा भाव बघायला हवाच, कारण गिऱ्हाईक तो बघतंच. पण तो बघायचा आपला खर्च कागदावर मांडून झाल्यावर.

आणि खर्चात पहिला हक्क मजुरीचा. आपल्याकडे बायका हीच रक्कम लिहीत नाहीत. "घरीच तर असते, हाताला काम," असं म्हणून सोडून देतात. या बाबतीत मला नेहमी लिज्जतची गोष्ट आठवते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, हलका माल स्वस्तात विकता यावा म्हणून. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं की एकच प्रत करा, चांगलीच करा, आणि हा धंदा आहे असं समजून हिशेब चोख ठेवा. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटलेल्या वजनावर 'वणई' मिळते. नफा-तोटा नंतर बघायचा. वणई हा पापडाचा खर्चच आहे, उडदाच्या पिठासारखा. आज लिज्जतचं नाव सगळे घेतात, पण त्या साध्या नियमाकडे फारसं कुणी बघत नाही.

तर आम्ही भावजयीची वणई ठरवली. तासाला ५० रुपये. फार नाही, पण शून्यही नाही. तीन तासांचे १५०, डझनाला साडेसदतीस. आता डझनाचा खर्च झाला १७६ रुपये ७५ पैसे. हा बदलता खर्च: डझन वाढले तर तो वाढतो, एकही केला नाही तर लागतच नाही. दुसरा खर्च बसलेला: फ्रीझरचं बिल ९००, आणि फ्रीझर दोन वर्षं चालेल असं धरून महिन्याला ५००. एकूण १,४००. समोसे दहा डझन जावोत की शंभर, हे १,४०० ठरलेले.

मी म्हटलं, २०० लाव. ती दचकली. "आपा, एकदम पन्नास? कोण घेईल?"

कुणी घेईल की नाही ते मला माहीत नव्हतं. पण किती जणांनी घेतलं तर पुरे, हे काढता येत होतं. २००तून १७६.७५ वजा केले की डझनामागे २३ रुपये २५ पैसे उरतात. १,४०० भागिले २३.२५, म्हणजे ६१ डझन. एकसष्टाव्या डझनाला फ्रीझर आणि वीज वसूल, तिची मजुरी हातात, आणि पुढचा प्रत्येक डझन नफ्याचा. १२०ची गिऱ्हाइकं ६१ झाली, म्हणजे जवळजवळ निम्मी गेली, तरी ती आधीपेक्षा बऱ्या स्थितीत राहणार होती. हे तिला पटायला वेळ लागला. कमी विकून जास्त उरतं, हे ऐकायला उलटंच वाटतं.

भाव वाढवला की काही माणसं दुरावतात, आणि ती नावानिशी दुरावतात. समोरच्या घरातल्या भाभी, ज्यांनी सुरुवातीला तिचे फोटो सगळीकडे पाठवले होते, त्यांनी भाव ऐकून नुसतं "बरं" म्हटलं आणि पुढे मागवलेच नाहीत. भावजयीला त्याचं फार वाईट वाटलं. वहीच्या हिशेबात हे कुठे बसत नाही, आणि मीही तिला त्यावर काही सांगू शकले नाही.

एक मधला मार्ग तिच्या डोक्यात आला होता: समोसा थोडा लहान करायचा, भाव तोच ठेवायचा. बिस्किटाच्या कंपन्या वर्षानुवर्षं हेच करतात. पाच रुपयांचा पारले-जीचा पुडा पाच रुपयांनाच राहतो आणि आतलं वजन हळूहळू उतरतं. ते पुड्यावर छापलेलं असतं, त्यामुळे त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पण आपल्या पिशवीवर वजन कुठे लिहिलंय? गिऱ्हाईक 'डझन' या शब्दावर विश्वास ठेवून नेतं, आणि समोसा हाताला लहान लागला की बायकांना तळण्याआधी कळतं. त्यापेक्षा आम्ही दहा नगांची वेगळी पिशवी केली, लेबलवर ठळक '१० नग' लिहिलं, भाव १७०. दहा समोशांचा माल आणि मजुरी मिळून १४० रुपये ६० पैसे, पिशवी ८. एकवीसच्या वर सुटतात. कमी पैसे काढू शकणारी बाई ती नेते, आणि काय नेतेय ते तिला माहीत असतं. शॅम्पूच्या पुड्या अशाच घराघरांत पोचल्या. तामिळनाडूच्या चिक शॅम्पूने पन्नास पैशांची पुडी काढली तेव्हा बाटली न परवडणाऱ्या घरातही शॅम्पू गेला. माप लहान, पण उघड.

आता ऑनलाइनकडे येते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

रमजाननंतर कुणीतरी तिला सांगितलं, जेवण पोचवणाऱ्या ॲपवर नाव घाल, गिऱ्हाइकं आपोआप येतील. ॲपवर खाद्यपदार्थ विकायचे तर आधी एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक लागतो, तो काढावा हेही खरं. पण भाव? असे ॲप किमतीचा पाचवा ते चौथा हिस्सा, काही वेळा त्याहून जास्त कमिशन घेतात, आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा. पाव हिस्सा धरला तर २००तून ५० कमिशन आणि ९ रुपये जीएसटी जातो. हातात १४१. तिचा खर्च १७६.७५. म्हणजे प्रत्येक डझनाला पस्तीस रुपये पदरचे घालायचे. २०० हातात पडायचे असतील तर ॲपवर २८४ लावावे लागतात.

मग मोठी हॉटेलं तिथे कशी टिकतात? त्यांचं भाडं, आचारी, वीज हा खर्च बसलेलाच असतो. दुपारी तीन ते सहा आचारी रिकामा बसून असतो आणि त्याचा पगार चालूच असतो. अशा वेळी आलेल्या ऑर्डरमधून मालाचा खर्च आणि कमिशन जाऊन चाळीस रुपये जरी उरले तरी ते भाड्याला हातभार लावतात. माझ्या भावजयीकडे रिकामा बसलेला आचारी नाही. तिचे दोन हात हीच मर्यादा आहे, आणि ते भरलेले आहेत. एकाच ॲपवर एकाला फायदा आणि दुसऱ्याला तोटा होतो तो यामुळे. नवीन शहरात गेलेल्या, ओळखीचं कुणी नसलेल्या बाईने सुरुवातीचे दोन-तीन महिने ते करून बघायला हरकत नाही, पण ॲपवरचा भाव वेगळा लावून.

भावजयीने ॲप सोडलं आणि व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. ते २०१८ पासून मोफत मिळतं. त्यात मालाची यादी भावासकट लावता येते, त्यामुळे "कितीला?" या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा उत्तर द्यावं लागत नाही. पैसे आधी यूपीआयवर, माल नंतर. २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क पडत नाही. उधारीचं पान बंद झालं. घरपोचचे २० रुपये वेगळे, तीन डझन घेतले तर मोफत. कारण तीन डझनांत सत्तर रुपये सुटतात, त्यातले वीस देता येतात.

डिसेंबरमध्ये तिने इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात केली. ६०० रुपये. समोसे तळतानाची रील होती, छान होती. नऊ हजार लोकांनी पाहिली. घरात आनंदीआनंद. चाळीस जणींनी मेसेज केला. त्यातल्या कितीतरी पुण्याच्या आणि हैदराबादच्या. गोठवलेले समोसे तिथे कसे पाठवणार? प्रत्यक्ष ऑर्डरी आल्या नऊ.

नऊ हजार हा आकडा वहीत लिहू नकोस, असं मी तिला सांगितलं. ६०० भागिले नऊ, एक गिऱ्हाईक ६७ रुपयांना पडलं. त्यांनी सरासरी दोन डझन नेले, म्हणजे एकीमागे साडेशेहेचाळीस सुटले. पहिल्याच खरेदीवर प्रत्येकीमागे वीस रुपयांचा तोटा. तरी ही जाहिरात वाया गेली असं लगेच म्हणता येत नव्हतं. ती बाई परत आली तर चित्र बदलतं. म्हणून वहीत एक नवा रकाना आला: 'कुठून आली'. शेजार, ग्रुप, रील, कुणाच्या सांगण्यावरून. रमजानपर्यंत त्या नऊपैकी चार परत आल्या आणि जाहिरातीचा खर्च कसाबसा निघाला. पुढच्या वेळी जाहिरात शहरापुरतीच, तीही घरापासून चार-पाच किलोमीटरच्या आत दाखवायची, आणि शाबानच्या शेवटच्या पंधरवड्यात, जेव्हा बायका रमजानचं सामान भरायला काढतात. एरवी स्टेटस पुरे.

सवलतीचंही एक सांगते. रीलखाली कुणीतरी लिहिलं, "दहा टक्के सूट द्या, धडाधड खपतील." दोनशेवर दहा टक्के म्हणजे वीस रुपये. ऐकायला थोडे, पण सुटतात किती? सव्वातेवीस. वीस दिले तर उरतात सव्वातीन. तेवढाच नफा मिळवायला सातपट समोसे करावे लागतील. मोठ्या ऑनलाइन दुकानांच्या सेलमध्ये जे दिसतं ते बघून घरच्या धंद्यात सूट लावणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. त्यांची सूट त्यांच्या मजुरीतूनच जाते, आणि मजुरी लिहिलेली नसल्यामुळे ती गेल्याचं कळतही नाही.

मधल्या महिन्यांत विक्री तीस-चाळीस डझनांवर आली. ६१च्या खाली. मग फ्रीझर चालू ठेवायचा का? फ्रीझरचे १२,००० देऊन झालेले आहेत, तो बंद ठेवला म्हणून ते परत येत नाहीत. पण ९०० रुपयांची वीज वाचते. चाळीस डझनांवर ९३० सुटतात, म्हणजे चालवून बंदपेक्षा तीस रुपये जास्त. तीस डझनांवर साफ तोटा. तिने पावसाळ्यात दोन महिने फ्रीझर बंद ठेवला आणि फक्त आदल्या दिवशी सांगितलेल्या ऑर्डरी ताज्या करून दिल्या.

२०२५चा रमजान आला. महिना संपल्यावर ती म्हणाली, "आपा, मार्चपेक्षा मार्चला विक्री फार पडली नाही, चांगलं आहे ना?" मी म्हटलं, थांब. २०२४चा रमजान १२ मार्चला सुरू झाला होता, म्हणजे त्या मार्चमध्ये रोजे वीसच. २०२५चा २ मार्चला सुरू झाला आणि ३१ला ईद झाली; एकोणतीस रोजे मार्चमध्येच. आपला महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. इंग्रजी महिन्यांची तुलना केली तर आपल्या धंद्याला ती फसवते. रमजानची तुलना रमजानशी करायची, शाबानची शाबानशी.

तशी केली तेव्हा १२०चे ८५ डझन झालेले दिसले. खिम्याचा भाव थोडा वर-खाली झाला तो सोडून आधीचेच आकडे धरले, तर मजुरी ३,१८७ आणि वर नफा ५७६, मिळून ३,७६० रुपयांच्या आसपास. तास नव्वदाचे चौसष्ट. फी पूर्ण भागली नाही. निम्म्याच्या जवळ गेली, बाकीची भावाने ओव्हरटाइम करून भरली. पण डब्यात जे होतं ते वहीशी जुळत होतं, आणि चावी कुणाकडे आहे हा प्रश्न त्या घरात परत निघाला नाही.

परवा तिचा आवाजी मेसेज आला. नानखटाई सुरू करायची म्हणते, बाजारात पाव किलो ८० रुपयांना आहे, आपण कितीला लावू? मी उत्तर द्यायच्या आतच दुसरा मेसेज आला: "थांबा आपा, भाव नका सांगू. ओव्हन तासाला किती युनिट खातो ते आधी मीटरवर बघून सांगते."